गोरोबांचे थापटणे आणि सेवाग्रामचे गोरा

तेरच्या गोरोबाकाकांची ती गोष्ट आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. संतमंडळी एकत्र जमली होती. मुक्ताबाईंनी काकांना सहज विचारले, तुम्ही मडक्यांचे पारखी, यांतले भाजलेले किती आणि कच्चे किती ते सांगा. काका थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत पुढे गेले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवराय मात्र रागावले, आणि काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे आहे.

ज्यांच्या हातचा नैवेद्य प्रत्यक्ष पांडुरंग जेवतो, त्यांनाच कच्चे ठरवले. नामदेवरायांना ते सोसले नाही. पण त्या थापटण्यामुळेच ते पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. पाय काढा म्हटल्यावर त्यांनी सांगितले, बाबा, जिथे देव नाही अशी जागा दाखव आणि तिथे माझे पाय ठेव. चरित्रकार सांगतात की तिथे नामदेवरायांचे कच्चेपण गेले. त्यांचे प्रेम कमी पडत नव्हते. देव एका देवळात भेटला की बाकीच्या जगाकडे पाठ करता येते, एवढीच कसर राहिली होती.

आज ज्यांची हकीकत सांगायची आहे, त्यांनाही लोक ‘गोरा’ म्हणत. पूर्ण नाव गोपराजू रामचंद्र राव. तेलुगू ब्राह्मण घराणे, जन्म १९०२ सालचा, शिक्षण वनस्पतिशास्त्राचे, पेशा कॉलेजातील अध्यापकाचा. त्यांच्याही हातात एक थापटणे होते आणि त्याचा मार थेट आपल्या श्रद्धेवर बसत होता, कारण हे गोरा उघड, ठाम नास्तिक होते. भाविकांच्या मासिकात अशा माणसाला जागा कशाला, असे कुणाच्या मनात येईल. पण परमार्थाने माणसाला काय मिळते आणि देव न मानणाऱ्याला काय मिळते, हा प्रश्न आज घरोघरी उभा आहे. वारीला निघालेल्या आजोबांना कॉलेजात जाणारा नातू तो विचारतो. त्याला ‘गप्प बस’ म्हणून उत्तर होत नाही. एक मोठा आस्तिक आणि एक सच्चा नास्तिक आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, समोरासमोर बसले तेव्हा काय झाले, हे पाहिले तर उत्तराची वाट सापडते.

गोरांची नास्तिकता पुस्तकात राहिली नाही. अस्पृश्यता पाळायची नाही, जातीची खूण अंगावर ठेवायची नाही, असे ठरवून त्यांनी जानवे टाकले आणि त्यापायी वडिलांचे घर सोडावे लागले. भुताची म्हणून ओस पडलेल्या घरात ते मुद्दाम राहायला गेले. पत्नी सरस्वतीबाई गरोदर असताना ग्रहणात बाहेर वावरल्या. देवाविषयीच्या लिखाणामुळे काकीनाड्याच्या कॉलेजातली नोकरी गेली, पुढे मच्छलीपट्टणचीही सुटली. १९४० साली हे कुटुंब कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर या खेड्यात आले. तिथे त्यांनी नास्तिक केंद्र काढले आणि अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या माणसांत काम सुरू केले. रात्रीचे वर्ग, साक्षरता, आणि दर पौर्णिमेला सर्व जातींच्या माणसांनी एकत्र बसून जेवणे. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली, १९३० मध्ये, जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी ठेवले लवणम.

पौर्णिमेचे हे सहभोजन वाचताना वारकऱ्याला गोपाळपूर आठवल्यावाचून राहत नाही. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, कुणाच्याही हातचा घास कुणाच्याही मुखात जातो आणि वारीची सांगता होते. देव मानणारे आणि देव न मानणारे, दोघेही एकाच पौर्णिमेच्या चांदण्यात एकाच गोष्टीकडे येऊन पोहोचले होते. या साम्याकडे आपण पुन्हा येऊ.

गोरांनी गांधीजींना पहिले पत्र १९३० साली लिहिले. तुम्ही देव हा शब्द वापरता त्याचा अर्थ काय, एवढाच प्रश्न होता. देव मानवी बुद्धीच्या पलीकडचा आहे, असे उत्तर आले. अकरा वर्षांनी, मुदुनूरचे काम उभे राहिल्यावर, गोरांनी भेट मागितली. १९४१ च्या उत्तरात गांधीजी काहीसे कडकच होते. नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणे, तुम्हाला यश आले ते तुमच्या प्रामाणिक सेवेमुळे, आणि नुसत्या चर्चेला मला वेळ नाही, असा त्याचा आशय होता.

या उत्तरात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गांधीजींनी नास्तिकतेला नाकारले, पण सेवेला प्रामाणिक म्हणून मान दिला. तरुणपणी लंडनमध्ये असताना, १८९१ साली, चार्ल्स ब्रॅडलॉ या प्रसिद्ध नास्तिकाच्या अंत्यविधीला ते गेले होते. पुढे १९३१ मध्ये त्यांनी ‘ईश्वर हेच सत्य’ हे आपले जुने सूत्र उलटे फिरवून ‘सत्य हाच ईश्वर’ असे केले. त्याचे एक कारण त्यांनीच दिले होते. ईश्वर नाकारणारे पुष्कळ आहेत, पण सत्याची गरज नास्तिकही नाकारत नाही.

अखेर १९४४ च्या नोव्हेंबरात गोरा सेवाग्रामला पोहोचले. देव नसलेल्या माणसाशी मी काय बोलू, असे गांधीजींनी हसत हसतच विचारले. गोराही हसले आणि म्हणाले, मी देव हरवलेला माणूस नाही, मी नास्तिक आहे. देवाला विसरून स्वार्थात बुडालेला माणूस वेगळा, आणि आपल्या कर्माची सारी जबाबदारी स्वतःवर घेण्यासाठी देवाचा आधार सोडणारा वेगळा, असा त्यांचा भेद होता.

मग गोरांनी आपले थापटणे काढले. नुकताच बंगालचा दुष्काळ होऊन गेला होता. १९४३ साली तिथे लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. कलकत्त्यात आपण पाहिलेले दृश्य गोरांनी सांगितले. एका बाजूला खाण्याच्या पदार्थांनी भरलेली दुकाने, आत जेवणारी माणसे, आणि तिथेच फुटपाथवर भुकेने मरणारे जीव. आतल्याने बाहेरच्याला दिले नाही आणि बाहेरच्याने आतले ओढून घेतले नाही. हे असे का झाले? गोरांचे निदान असे की दोघांची समजूत एकच होती. मरणारा म्हणत होता, माझ्या नशिबात हेच लिहिले आहे. जेवणारा म्हणत होता, देवाने मला दिले, त्याला दिले नाही. देव आणि दैव या दोन शब्दांनी दोघांचेही हात बांधले होते. माणसांनी देवावर भार टाकणे सोडले असते तर ते एकमेकांकडे वळले असते.

यावर गांधीजींनी शास्त्रार्थ केला नाही. तुमच्या बोलण्यात मला एक ध्येय दिसते, असे ते म्हणाले. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक, असा निवाडा द्यायला ते तयार झाले नाहीत. आपण दोघेही सत्याचे शोधक आहोत, चुकतो आहे असे दिसले की सुधारू, या मुद्द्यावर दोघे एकत्र आले. ज्याला तीन वर्षांपूर्वी वेळ नाकारली होती, त्याला त्यांनी आश्रमात राहून काम करायला सांगितले.

वाचकहो, कलकत्त्याचा तो प्रश्न आपल्यालाही विचारला आहे असे समजू या. त्याचा मार बसू दे. दुष्काळाची कारणे नशिबात नव्हती. युद्ध, भाववाढ, साठेबाजी आणि परक्या सरकारची बेपर्वाई ही ती कारणे होती. भुकेने खंगलेल्या देहात ओरबाडून घेण्याचे बळ उरत नाही, हेही गोरांच्या निदानात पुरेसे आलेले नाही. तरीही त्यात खरे किती आहे? ‘जैसी करणी तैसी भरणी’ हे वाक्य आपण दुसऱ्याच्या दुःखाकडे बघून किती सहज उच्चारतो! आपल्या वाट्याचे दुःख सोसण्यासाठी जे औषध आहे, तेच दुसऱ्याच्या दुःखावर लावले की विष होते.

आपल्या संतांनी मात्र दुष्काळात काय केले ते आठवा. मंगळवेढ्याला दामाजीपंत होते. कोठारे बादशहाची, पंत त्याचे चाकर, दाराशी उपाशी माणसांची रांग. पंतांनी कोठारे उघडली. आपली मान जाईल हे त्यांना ठाऊक होते. पुढे विठू महार होऊन देवाने धान्याची किंमत भरली, अशी कथा आहे, आणि आपल्या मनात तोच चमत्कार राहतो. पण देव आला तो कोठार उघडल्यावर आला, आधी आला नाही. देव येईल म्हणून पंत कुलूप लावून बसले असते, तर ते दामाजीपंत झाले नसते.

आणि देहूला काय घडले? १६३० च्या सुमारास दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबारायांच्या घरात पहिली पत्नी गेली, मूल गेले, व्यापार बुडाला. अशा वेळी माणसाला देवाचा राग यावा किंवा सगळे नशिबावर सोडून द्यावे. तुकोबांनी भंडाऱ्याचा डोंगर गाठला आणि परतल्यावर लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले, असे परंपरा सांगते. ज्याच्या घरात अन्नावाचून मरण आले, त्याने इतरांच्या डोक्यावरचे देणे उतरवले. गोरांच्या प्रश्नाला वारकरी परंपरेचे उत्तर हेच आहे. भक्तीने या दोघांचे हात बांधले नाहीत, मोकळे केले.

आता तुलना न्यायाने करू. नास्तिकतेने गोरांना काय दिले? पहिली गोष्ट, सबब संपवली. अस्पृश्यता पूर्वजन्मीचे फळ आहे असे म्हणायची सोयच उरली नाही. जे अन्यायाचे आहे ते माणसाने केले, तेव्हा माणसानेच दूर करायचे. दुसरी गोष्ट, भय संपले. ग्रहण, भूत, शाप यांच्या नावाने भोळ्या माणसाला लुबाडणाऱ्यांचा धंदा बंद पडतो तो इथेच. तिसरी गोष्ट, फळाची आशा न धरता चांगले वागायची शिस्त. स्वर्ग नाही, पुण्याची वही नाही, नवस नाही. तरी दलित वस्तीत घर करायचे. निष्काम कर्माची आपण प्रवचने ऐकतो, आणि हा माणूस गीतेचे नाव न घेता तसे जगत होता, हे कबूल करायला हवे.

श्रद्धेने काय दिले? त्यासाठीही सेवाग्रामातलेच उदाहरण घेऊ. परचुरे शास्त्री नावाचे संस्कृतचे विद्वान कुष्ठरोगाने ग्रासून आश्रमात आले. लोक ज्यांची सावली टाळत, त्यांच्या अंगाला गांधीजी स्वतःच्या हातांनी मालिश करीत. हे बळ कुठून आले, असे विचारले तर गांधीजींचे उत्तर ठरलेले होते, प्रार्थनेतून. त्यांच्या आश्रम-भजनावलीत तुकोबांचे अभंग होते, आणि येरवड्याच्या तुरुंगात १९३० साली त्यांनी तुकोबांच्या काही अभंगांचे इंग्रजी भाषांतरही केले होते.

श्रद्धेने माणसाला मिळणारी मोठी गोष्ट म्हणजे पोरकेपण जाते. जगात पुष्कळ दुःखे अशी आहेत की ज्यांवर उपायच नाही. ज्या आईचे मूल गेले, तिला जबाबदारी शिकवून काय उपयोग? तिथे करण्यासारखे काही उरत नाही, आणि तरी जगायचे असते. ती बाई दिंडीत चालते. शेजारी चालणारी कोण, कुठली, तिला ठाऊक नसते, पण तीही काहीतरी हरवून आलेली असते. दोघी एका सुरात नाम घेतात, संध्याकाळी तळावर एका चुलीशी बसतात. पंढरीला पोहोचून तिला फक्त कळस दिसला तरी तिचे रडणे ऐकणारे कुणीतरी आहे, एवढे तिला पुरते. नास्तिकालाही मित्र असतात, प्रेम असते, आणि मरण तोही धीराने घेऊ शकतो. पण शेतकऱ्याला, मोलकरणीला, अक्षर न शिकलेल्या म्हातारीला फुकट मिळेल, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल आणि एकाच वेळी लाखोंना कवेत घेईल असे सांत्वनाचे घर बांधणे नास्तिकतेला अजून साधलेले नाही. वारी हे तसे घर आहे.

दोहोंचे धोकेही दोन तऱ्हेचे आहेत. सबब नको म्हणता म्हणता नास्तिकाला स्वतःच्या बुद्धीचा ताठा येऊ शकतो, आणि दुबळ्या माणसाचा आधार काढून घेताना बदली काय द्यायचे हे तो विसरू शकतो. पोरकेपण नको म्हणता म्हणता भाविक सुस्त होऊ शकतो, आणि आपल्याला सांत्वन मिळाले म्हणजे जगाचा न्याय झाला असे समजू शकतो. म्हणूनच दोघांना एकमेकांची गरज लागते. सेवाग्रामात तेच घडले.

गोरांनी आपली मोठी मुलगी मनोरमा हिचे लग्न अर्जुनराव या अस्पृश्य समाजातल्या तरुणाशी करायचे ठरवले. गांधीजींना आनंद झाला. लग्न सेवाग्रामात, माझ्यासमोर होऊ दे, असे त्यांनी सांगितले. वधू किंवा वर यांपैकी एक हरिजन असल्याशिवाय आश्रमात लग्न लावायचे नाही, असा त्यांचा नियम तेव्हा झालाच होता. लग्नाआधी अर्जुनराव सेवाग्रामला येऊन राहिले. राहता राहिला विधीचा प्रश्न. वधूपिता देव मानत नाही, तर शपथ कुणाच्या साक्षीने? रामनामावर जीव असणाऱ्या गांधीजींनी विधीतला ईश्वर हा शब्द काढून तिथे सत्य हा शब्द घालायचे कबूल केले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. लग्न मार्चमध्ये सेवाग्रामातच, सत्याच्या साक्षीने लागले.

इथे कोण हरले आणि कोण जिंकले? गांधीजींनी राम सोडला नाही, गोरांनी देव मानला नाही. पण जातीची भिंत पाडायला दोघांचे हात लागले.

हा धागा पुढेही तुटला नाही. ज्ञानोबा माउलींना जन्मभर गुरुस्थानी मानणारे विनोबा भूदानासाठी आंध्रात फिरले, तेव्हा त्यांचे बोलणे तेलुगूत लोकांना सांगायला दुभाषा होता तो गोरांचा मुलगा लवणम. गीताईकर्त्या भक्ताचे शब्द नास्तिकाच्या तोंडून खेड्यापाड्यांत पोहोचले. पुढे लवणम आणि त्यांच्या पत्नी हेमलता यांनी ‘गुन्हेगार’ असा शिक्का बसलेल्या स्टुअर्टपुरमच्या कुटुंबांत आणि देवीला सोडलेल्या जोगिणींत काम केले. देवाच्या नावाने ज्या मुलींचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, त्यांना उभे करायला देव न मानणारे आले, ही गोष्ट भाविकाने मान खाली घालून ऐकावी अशीच आहे.

आणि आपली पंढरी? चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, आणि त्यांच्या मागून आलेल्या समाजाला ती पायरी ओलांडायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार केले आणि मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषण केले. दार उघडले. १९५८ साली विनोबा पांडुरंगाच्या पायांपाशी गेले तेव्हा त्यांच्याबरोबर दुसऱ्या धर्मांची माणसेही होती. गुरुजी आणि विनोबा दोघेही निस्सीम भाविक. आतल्या श्रद्धेनेच बाहेरचे कुलूप काढले, हा आपला अभिमान. ते कुलूप इतकी शतके श्रद्धाळूंनीच लावून ठेवले होते, ही आपली लाज. दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही सांगितले पाहिजे.

इरावतीबाई कर्वे पालखीबरोबर चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते, हे त्यांनी त्यात दुःखाने नोंदवले. वाटभर अभेदाचे अभंग गाणारी माणसे जेवायच्या वेळी वेगळी होतात. तेव्हा गोपाळपूरचा काला हा वर्षातून एका दिवसाचा विधी आहे की बारा महिन्यांची राहणी, हे आपल्याला आपणच विचारले पाहिजे. मुदुनूरच्या पौर्णिमेला तो विधी नव्हता. तिथे ती राहणी होती.

नातवाने आजोबांना विचारले, देव मानून तुम्हाला काय मिळाले, तर रागावू नये. नामदेवराय रागावले तिथेच त्यांची परीक्षा झाली होती. आजोबांनी त्याला आधी विचारावे, तू देव मानत नाहीस, ठीक आहे, पण मग तुझ्या वाट्याला आलेले काम तू करतोस का? आणि मग स्वतःबद्दल सांगावे. मला वारीने सोबत दिली, तुझी आजी गेली तेव्हा या नामाने मला धरून ठेवले. पण एवढ्यावर थांबू नये. त्या सोबतीतून आपण कुणाचे कोठार उघडले, कुणाचे कागद इंद्रायणीत सोडले, कुणाला आपल्या पंगतीला बसवले, हेही त्याला सांगता यावे. सांगण्यासारखे काही असेल तर वादाची गरजच पडणार नाही. नसेल, तर येत्या वारीत तळ पडल्यावर पहिले काम तेच करावे. शेजारच्या दिंडीतला कुणी बाजूला बसला असेल तर त्याला आपल्या पंगतीत हाक मारावी, आणि त्याची जात विचारू नये.

रामकृष्ण हरी.